भिलारला एक दिवस: थरारकादंबरी की जाडजूड सामाजिक कादंबरी?

पाचगणीजवळच्या भिलारमध्ये 2017 पासून घराघरांत पुस्तकं मांडलीत. बसून फुकट वाचा, पण घरी न्यायची नाहीत. मग दिवसभरासाठी हातात काय घ्यावं?

आधी वेळेचं गणित. निवांत वाचलं तर तासाला 35-40 पानं होतात. 200 पानी थरारकादंबरी पाच-सहा तासांत उरकते. 500 पानी सामाजिक कादंबरी तेरा-चौदा तास मागते, म्हणजे अर्ध्यावर सोडून एसटी पकडायची.

व्यत्ययाचं मात्र उलटं. थरारात धागे पहिल्या पन्नास पानांतच पेरलेले असतात: कुणाचं घड्याळ बंद, कोण डावखुरा. चहा-स्ट्रॉबेरीच्या नादात ते निसटले की शेवट ओढूनताणून वाटतो आणि खापर लेखकावर. सामाजिक कादंबरीत दहा पानं डुलकीत गेली तरी माणसं ओळखीची राहतात.

हाताळलेल्या प्रतीत आणखी एक धोका. कुणी आगाऊ वाचक खुन्याच्या नावाखाली पेन्सिलनं रेघ मारून ठेवतो! शेवटची पानं शाबूत आहेत ना, तेवढं आधी बघा. नजर फक्त पृष्ठक्रमांकावर.

एकटे असाल, संध्याकाळी परतायचं असेल, तर थरार. पोरंबाळं सोबत असतील किंवा साताऱ्यात वाचनालय लावलेलं असेल, तर जाडजूड; तीच कादंबरी तिथं मिळाली की उरलेली घरी संपवता येते.