जंताचे औषध पाजण्याची गन: एका वर्षाच्या वापरानंतर

सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाच्या बाजूला आमचे शेत आहे. गेल्या वर्षी मी 22 दख्खनी मेंढ्या घेऊन हा व्यवसाय सुरू केला आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यांपैकी तीन गमावल्या. मेंढ्या चरत होत्या, तरी त्यांच्या पाठीचा कणा हाताला लागू लागला होता. एकीच्या हनुवटीखाली लिंबाएवढी मऊ सूज येई. ती सकाळी ओसरे आणि चरून आल्यावर पुन्हा भरे. शेजारच्या वाड्यावरील धनगर मामांनी तिची खालची पापणी अंगठ्याने ओढून दाखवली. "हे बघ पोरा, लाली राहिलीच न्हाई. जंतानं रक्त प्यायलंय." पापणी आतून कागदासारखी पांढरी होती. दवाखान्यात लेंड्या तपासल्यावर डॉक्टरांनी हिमॉन्कस या जंताचे नाव सांगितले. हा जंत पोटाच्या चौथ्या कप्प्यात राहून रक्त शोषतो आणि ओल्या, उबदार दिवसांत झपाट्याने वाढतो.

मी औषध पाजलेच नव्हते असे नाही. बाटलीने, अंदाजाने पाजले होते. निम्मे औषध लोकरीवर सांडले, आणि एका मेंढीचे डोके मी फार वर धरल्यामुळे ते श्वासनलिकेत गेले. तिसऱ्या दिवशी ती धापा टाकत गेली. त्या तीनपैकी हा मृत्यू निव्वळ माझ्या हातून झाला, आणि त्यानंतरच मी सोलापुरातून नऊशे रुपयांची ही गन आणली.

पिस्तुलासारखी मूठ, जाड प्लास्टिकचे नळकांडे, मात्रा ठरवण्याची चकती आणि औषधाच्या बाटलीपर्यंत जाणारी लवचिक नळी, एवढेच तिचे भाग आहेत. खटका सोडला की पुढची मात्रा आपोआप भरते. पूर्वी सबंध सकाळ जाणारे काम आता दोन माणसांत पाऊण तासात होते. डोके सरळ ठेवून तोटी तोंडाच्या कोपऱ्यातून जिभेवर सरकवता येते आणि औषध सावकाश सोडता येते. मेंढी खोकली तर लगेच थांबावे.

मात्र चकतीवरील आकड्यांवर विश्वास ठेवू नये. चकती 10 मिलीवर लावून मी औषध सिरिंजमध्ये सोडून पाहिले, तेव्हा ते साडेआठ मिलीच भरले. हा फरक किरकोळ नाही, कारण कमी मात्रेतून वाचलेले जंतच पुढे अशी पिढी वाढवतात, जी त्या औषधाला दाद देत नाही. आमच्या डॉक्टरांनी अल्बेंडाझोल या जंताच्या औषधाची मात्रा दर किलो वजनाला साडेसात मिलिग्रॅम अशी सांगितली आहे. म्हणजे अडीच टक्के औषध (दर मिलीत 25 मिलिग्रॅम) असेल, तर 30 किलोच्या मेंढीला 9 मिली लागते. म्हणून गनसोबत टांगायचा वजनकाटाही घ्यावा, आणि वजन करणे जमत नसेल तर कळपाचे लहान-मोठे असे गट पाडून प्रत्येक गटातील सर्वांत वजनदार मेंढीवरून मात्रा धरावी. गाभण राहून महिनाही झालेला नसलेल्या मेंढ्यांना हे औषध देत नाहीत, त्यांना आधीच वेगळे काढावे.

तोटीच्या टोकाला साच्याची धारदार कड राहिलेली होती, ती मी बारीक पॉलिश पेपरने घासून काढली. तशीच वापरली असती तर घशाला जखम झाली असती. दुकानदाराने याविषयी काहीही सांगितले नव्हते.

यंदा जूनमध्ये गनने औषध दिल्यानंतर चौदाव्या दिवशी मी पुन्हा लेंड्या तपासून घेतल्या आणि जंतांची अंडी जवळजवळ दिसली नाहीत. पावसाळा संपत आला तेव्हा पुन्हा एकेकीची पापणी पाहिली; सगळ्या तांबूस होत्या. ज्याच्याकडे दहाहून अधिक मेंढ्या आहेत, त्याने ही गन जरूर घ्यावी. फक्त खरेदी करतानाच रबरी वॉशरचे दोन सुटे जोड मागून घ्यावेत, कारण माझा पहिला वॉशर आठ महिन्यांत फुगला आणि खटका अडकू लागला. प्रत्येक वापरानंतर गन कोमट पाण्याने धुऊन सावलीत वाळवल्यापासून दुसरा अजून टिकून आहे.