आधी पुस्तक, मग रायफल: आणि दोन्हीकडे एकच भामटा

जुन्या लष्करी रायफलींच्या नादाला लागलेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो ठरलेला असतो: आधी पुस्तक घे, मग रायफल घे. सल्ला सोळा आणे खरा आहे. अडचण एवढीच, की तो भामट्यांनाही तोंडपाठ आहे. नवखा संग्राहक रायफलीसमोर उभा राहिला की दहा शंका काढतो, पण पुस्तक म्हटलं की त्याचा हात सैल सुटतो. मला ज्यानं गंडा घातला तो रायफलींतला जाणकार होता आणि पुस्तकांतलाही, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

मला हवा होता ली-एनफील्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीवरचा एक जाडजूड ग्रंथ, सत्तरच्या दशकात निघालेला. या विषयावरची चांगली पुस्तकं बहुधा छोट्या प्रकाशकांची असतात. लिहिणारा आयुष्यभर ठसे आणि नंबर टिपत बसलेला कुणीतरी असतो, प्रती मोजक्या छापतात आणि आवृत्ती संपली की संपली. मागणी मात्र थांबत नाही, कारण या पुस्तकांवाचून पानच हलत नाही. ली-एनफील्डच्या बट-सॉकेटवर, म्हणजे लाकडी दस्ता जिथे बसतो त्या धातूच्या भागावर, मुकुट, राजाची आद्याक्षरं, कारखाना, साल आणि मॉडेल असं सगळं ठोकलेलं असतं. वाचता येतं, पण त्याचा अर्थ लावायला ग्रंथ लागतो. १९०७ च्या मार्क ३ मधून मॅगझिन कट-ऑफ (मॅगझिनमधली काडतुसं अडवून धरणारी पट्टी) आणि लांब पल्ल्याची बाजूची साइट गाळून पहिल्या महायुद्धात मार्क ३ स्टार निघाली. कुठल्या कारखान्यानं काय केव्हा गाळलं हे ठाऊक नसेल, तर मूळ भाग कुठला आणि नंतर दुरुस्तीत बसवलेला कुठला हे सांगता येत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन कार ९८ के रायफलीवर तर कारखान्याचं सरळ नावच नसायचं. एस/४२, मग नुसते ४२, मग बीवायएफ, शेवटी एसव्हीडब्ल्यू, आणि हे चारही संकेत ओबर्नडॉर्फच्या एकाच माउझर कारखान्याचे!

जाहिरातीत लिहिलं होतं: पहिली आवृत्ती, पुठ्ठा बांधणी, वेष्टनासह, घडीचे सगळे तक्ते शाबूत, वृद्ध संग्राहकाच्या कपाटातून. फोटो सुरेख होते. मी कॉपीराइटच्या पानाचा फोटो मागितला, तोही आला, फक्त खालच्या दोन-चार ओळी चौकटीबाहेर राहिल्या होत्या. बोलणं इतकं माहितगार, की शंका घ्यायला जागा नव्हती. कुठल्या तक्त्यात कुठल्या निरीक्षकाचा ठसा चुकीचा छापलाय हेसुद्धा त्यानं आपणहून सांगितलं. मग हळूच पुढचं वाक्य: विक्रीच्या संकेतस्थळाचं कमिशन नाहक जातं, पैसे थेट खात्यावर टाका, टपालखर्च माझ्याकडे. पैसे गेले आणि पुस्तकही आलं. पैसे घेऊन गायब होणारे भामटे वेगळे. हा त्यांच्याहून हुशार, कारण काहीतरी हातात पडलं की तक्रार अर्धी मरते.

पाकिटातून निघालं ते गुळगुळीत मऊ मुखपृष्ठाचं, डिंकात चिकटवलेलं बाड. जुन्या पुस्तकात फर्मे दोऱ्यानं शिवलेले असतात, उघडून धरलं की मधे दोरा दिसतो. इथे दोऱ्याचा पत्ता नव्हता. पण खरा घात आतल्या पानांत होता. कुणीतरी मूळ प्रत स्कॅन करून जशीच्या तशी छापायला दिली होती. आर्टपेपरवरचे फोटो साध्या कागदावर येऊन काळे ढब्बे झाले होते. प्रूफमार्कांच्या, म्हणजे चाचणीच्या ठशांच्या पानावर, ज्याच्यासाठी माणूस असं पुस्तक घेतो, मुकुट कुठला आणि शाईचा डाग कुठला ते ओळखू येत नव्हतं. घडीचे तक्ते तर घडी न उघडताच स्कॅन केलेले, त्यामुळे मोठ्या आकृतीचा वरच्या घडीवर दिसणारा तुकडा तेवढा छापला गेला. एका पानाच्या कडेला स्कॅन करणाऱ्याचा अंगठासुद्धा आहे.

याहून वाईट म्हणजे नंबरांचे तक्ते. ते चित्र म्हणून न छापता मशीनकडून अक्षरओळख करून नव्यानं जुळवलेले होते. ८ चा ३ झालेला, १ चा आय झालेला, १९१७ चं १९११. मजकुरातली अशी चूक डोळ्याला खुपते, पण आकड्यांच्या रांगेत चुकलेला आकडा बरोबरच्या आकड्याइतकाच साळसूद दिसतो. हा नुसता संग्राहकी काथ्याकूट नव्हे. अमेरिकन एम १९०३ रायफलीचं उदाहरण घ्या. स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यातल्या ८,००,००० च्या खालच्या नंबरांचे रिसीव्हर (नळी आणि बोल्ट ज्यात बसतात तो मधला धातूचा भाग) ठिसूळ निघू शकतात, कारण भट्टीतल्या पोलादाचं तापमान कारागीर नुसत्या नजरेनं ठरवत. त्या रायफली झाडू नयेत असं जाणकार आजही बजावतात. त्या आकड्यातल्या ८ चा ३ झाला तर काय होईल, कल्पना करा.

मागच्या मुखपृष्ठावर बारकोडवर एक पांढरं स्टिकर होतं. ते काढलं तर खाली १३ आकडी आयएसबीएन, सुरुवात ९७९-८ अशी. इथे सगळं उघडं पडलं. आयएसबीएन २००७ पर्यंत १० आकडी होता आणि ९७९ नं सुरू होणारे क्रमांक त्याच्याही नंतरचे. सत्तरच्या दशकातल्या पहिल्या आवृत्तीवर असा क्रमांक असूच शकत नाही. शेवटच्या कोऱ्या पानाच्या तळाशी छपाईची तारीखही होती, माझे पैसे पोचल्याच्या दुसऱ्या दिवसाची. म्हणजे ज्या प्रतीचे फोटो मला दाखवले, ती विकायची नव्हतीच. माझी प्रत माझ्या पैशातून छापून घेतली होती.

विचारलं तर उत्तर तयार: ‘पुनर्मुद्रण आहे असं मी लिहिलं होतं की.’ जाहिरात उघडून पाहतो तर खरंच लिहिलेलं, रातोरात. दुसऱ्या दिवशी जाहिरातच गेली. पैसे आमच्यामार्फत दिलेले नाहीत म्हणून संकेतस्थळानं कानावर हात ठेवले, आणि खातेदारानं स्वतःच पाठवलेली रक्कम आहे म्हणून बँकेनंही.

इथवरची गोष्ट अनेकांच्या वाट्याला आली असेल. पुढची कमी लोकांना ठाऊक असावी.

काही दिवसांनी भलत्याच नावानं एक निरोप आला. नंबर ४ मार्क १ टी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली दुर्बीणवाली ली-एनफील्ड, विक्रीला आहे. दुर्बीण नाही, पण रिसीव्हरवर टी आहे आणि नंबर अस्सल आहे, खात्री हवी तर अमुक ग्रंथाचं अमुक पान पाहा. ग्रंथ तोच, आणि माझ्या बाडात ते पान होतंही: ‘परिशिष्ट ड’, नंबरांच्या पट्ट्या दिलेल्या आणि वर विवेचन. टाइप मात्र बाकीच्या पुस्तकाहून किंचित वेगळा, आणि अनुक्रमणिकेत परिशिष्टं ‘क’पर्यंतच. ग्रंथालयामार्फत मूळ प्रत मागवून घेतली. ती त्या पानाच्या कितीतरी आधी संपते.

परिशिष्ट लिहिणाऱ्याचं कसब मान्य करायला हवं. या टी रायफली नेहमीच्या नंबर ४ ली-एनफील्डमधून नेमबाजीत उजव्या ठरलेल्या निवडून बनवल्या जात. रूपांतराचं बहुतेक काम हॉलंड अँड हॉलंडकडे होतं आणि त्यांचा एस ५१ हा संकेत दस्त्यावर सापडतो. दुर्बिणीचा नंबर दस्त्याच्या मानेवर, म्हणजे मुठीत धरायच्या निमुळत्या भागावर, ठोकलेला असतो, त्यावरून जोडी जुळते. रिसीव्हरच्या डाव्या अंगाला दुर्बिणीच्या ब्रॅकेटसाठी दोन पॅड बसवलेले असतात. साध्या नंबर ४ आणि टी यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक, आणि टी हे अक्षर ठोकायला एक पंच पुरतो. सुरुवातीच्या काही रायफलींचं काम एनफील्डच्या कारखान्यातच झालं, त्यांवर एस ५१ नसतो, हेही खरं. परिशिष्टकारानं हा खरा धागा धरला आणि ओढत ओढत असा नेला, की यादीतल्या पट्ट्यांमधल्या कुठल्याही रायफलीला एस ५१ ची गरज नाही, मानेवरच्या नंबराचीही नाही. थोडक्यात, खोट्या रायफलींसाठी खोटा साक्षीदार छापून घेतला आणि तो पैसे घेऊन गिऱ्हाइकांच्याच घरी पाठवला.

तेव्हा विक्रेता स्वतःच पुराव्याचं पान पुढे करत असेल, तर ते पान त्याच्या फोटोत पाहू नका, दुसऱ्या कुणाच्या प्रतीत पाहा. मोठ्या ग्रंथालयांच्या सूचीत, किंवा जगभरच्या ग्रंथालयांच्या वर्ल्डकॅट या सामायिक सूचीत, पुस्तकाची पानं किती, चित्रपत्रं किती, उंची किती सेंटिमीटर हे बहुधा दिलेलं असतं. विकायला काढलेली प्रत त्याच्याशी ताडून पाहायला काही मिनिटं लागतात. फोटो मागायचा तर मुखपृष्ठाचा मागू नका, ते कुणीही कुठूनही उचलतो. घडीचा तक्ता पूर्ण उलगडून त्यावर तुमच्या नावाची चिठ्ठी ठेवून फोटो काढायला सांगा, आणि कॉपीराइटचं पान चारही कडा दिसतील असं. ज्याच्याकडे पुस्तक आहे त्याला हे अवघड नाही. थेट खात्यावर पैसे टाकायचा आग्रह झाला की तिथेच बोलणं थांबवा, मग समोरचा कितीही व्यासंगी असो. माझ्या मते व्यासंगी असेल तर आधी थांबवा.

हल्ली भलत्याच लेखकांच्या नावावर मशीननं लिहिलेली ‘संग्राहक मार्गदर्शकं’ही विकतात. त्यांच्यावर शब्द खर्च करावेत एवढी त्यांची लायकी नाही. कार ९८ के ला ७.९२ ऐवजी .३०३ चं काडतूस देणारं पुस्तक पहिल्या पाच मिनिटांत ओळखू येतं.

ब्रिटिश शस्त्रांपुरतं सांगायचं तर ‘लिस्ट ऑफ चेंजेस’ या सरकारी नोंदी सगळ्यांत भरवशाच्या. प्रत्येक फेरबदल कलमवार, तारखेसह, आणि लिहिणाऱ्याला काही विकायचं नव्हतं. वाचायला रुक्ष आहेत, पण नंतरच्या चांगल्या ग्रंथांनी माहिती उचलली ती यांतूनच. त्यांचीही पुनर्मुद्रणं निघतात, तेव्हा वरच्या सगळ्या तपासण्या तिथेही लागू.

माझ्याकडचं बाड मी रद्दीत दिलेलं नाही, कारण रद्दीतून ते पुन्हा ‘दुर्मीळ’ म्हणून बाजारात येईल. शीर्षकपानावर आणि परिशिष्टाच्या प्रत्येक पानावर न पुसणाऱ्या शाईनं ‘बनावट’ लिहून ठेवलंय. अनुक्रमणिकेत नसलेलं ‘परिशिष्ट ड’ तुमच्या प्रतीत असेल, तर त्यातला एकही नंबर कुणाला सांगू नका, आणि त्या नंबरांची रायफल कुणी दाखवली तर हात लावू नका.