लर्चर की वीव्हर?

नागपुरात मेडिकल चौकाजवळच्या अभ्यासिकेत मुलं विचारतात, लहान मेंदू, म्हणजे तोल आणि हालचाली सांभाळणारा मेंदूचा मागचा भाग, समजायला लर्चर आणि वीव्हर या जनुकीय दोषाच्या उंदरांपैकी कोणता उंदीर आधी वाचावा? दोन्ही झोकांड्या खातात, कारणं मात्र वेगळी. वीव्हरमध्ये पोटॅशियम वाहिनीचं, म्हणजे पेशीच्या पडद्यातून पोटॅशियम जाऊ देणाऱ्या प्रथिनाचं, जनुक बिघडलेलं. लहान मेंदूतल्या ग्रॅन्युल पेशी, म्हणजे अगदी छोट्या चेतापेशी, लवकरच मरतात. मेंदूत इतरत्र, हालचालींना लागणारं डोपामाइन हे रसायन बनवणाऱ्या पेशीही घटतात, त्यामुळे चालीतला दोष नेमका कशाचा, हे सांगणं कठीण.

लर्चरमध्ये पुर्किंजे पेशींवरचं (या लहान मेंदूतल्या मोठ्या चेतापेशी) ग्लुटामेट रिसेप्टरच्या, म्हणजे ग्लुटामेट या रसायनाचा संदेश घेणाऱ्या प्रथिनांच्या, कुळातलं प्रथिन सतत उघडं राहतं आणि त्या पेशी मरतात. मागोमाग बहुतेक ग्रॅन्युल पेशीही जातात. निरोगी आणि लर्चर पेशी एकत्र असलेल्या उंदरांवरून कळलं की हा दुसरा, ग्रॅन्युल पेशींचा मृत्यू त्यांच्या जोडीदार पुर्किंजे पेशी हरवल्यामुळे होतो. मला हे अजूनही अस्वस्थ करतं. म्हणून मी आधी लर्चरच वाचायला सांगते.