भट्टीमागच्या दैवताची उपासमार

कॅथरिन आर्डेन यांची ‘द बेअर अँड द नाइटिंगेल’ ही पहिली कादंबरी २०१७ साली आली, तेव्हा प्रकाशकाने ती प्रौढांसाठी म्हणून बाजारात आणली होती; तरीही तिच्यातल्या किशोरवयीन नायिकेमुळे ती लवकरच कुमारवयीन वाचकांच्या हाती गेली, आणि स्लाव लोककथांवर बेतलेल्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा विषय निघाला की तिचे नाव आता हमखास घेतले जाते. ‘स्लाव’ हा शब्द मात्र फार ढोबळ आहे. पोलिश, सर्बियन किंवा बल्गेरियन लोककथांचा संसार वेगळा. येथे आहे तो उत्तरेकडचा रशिया, तोही चौदाव्या शतकातला, म्हणजे मॉस्कोचे राजे मंगोल खानांना खंडणी भरत होते तेव्हाचा. आर्डेन यांनी रशियन भाषेचा रीतसर अभ्यास केलेला आहे आणि त्या काही काळ मॉस्कोत राहिल्याही आहेत. पुस्तकात कोठेही विश्वकोशातून उचललेला मजकूर वाचल्यासारखे वाटत नाही, याचे श्रेय बहुधा त्यालाच द्यावे लागेल.

जंगलाच्या कडेला वसलेल्या लेस्नाया झेम्ल्या या गावच्या जमीनदाराची धाकटी मुलगी वासिलिसा, म्हणजेच वास्या, जन्मताच आईला मुकते. इतरांना न दिसणारे तिला दिसते. विटामातीच्या प्रचंड भट्टीपाशी, जिच्या माथ्यावर घरातली म्हातारी माणसे ऊब घेत झोपतात, तेथे घराची राखण करणारा दोमोवोय राहतो; तबेल्यात घोड्यांची काळजी घेणारा वाझिला असतो, न्हाणीघरात बान्निक, तर तळ्यात माणसांना बुडवणारी रुसाल्का. वास्या त्यांच्याशी बोलते, त्यांना पावाचे तुकडे नेऊन देते, घोड्यांची भाषा शिकते. कादंबरीचा पहिला अर्धा भाग जवळजवळ एवढाच आहे आणि तोच तिचा सर्वांत सुंदर भाग आहे. हिवाळ्याच्या अखेरीस आटत चाललेले धान्य आणि दाईने भट्टीपाशी बसून सांगितलेली हिमराज मोरोझ्कोची गोष्ट इतक्या निगुतीने येतात की कथानक पुढे सरकत नसल्याची तक्रार करावीशी वाटत नाही.

तळकोकणात किंवा गोव्यात राखणदाराला रोट ठेवताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या व्यवहाराचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. दोमोवोय सर्वशक्तिमान देव नव्हे. घर त्याला जेवू घालते, म्हणून तो घर सांभाळतो. नैवेद्य थांबला की तो रागावतो, एवढेच नव्हे तर रोडावतो, धूसर होत जातो. लोककथेतल्या या हिशेबावर आर्डेन यांनी कादंबरीचा सगळा ताण उभा केला आहे. मॉस्कोहून कोन्स्तान्तिन नावाचा तरुण, देखणा पाद्री गावात येतो, आणि हे उंबऱ्यावरचे पाव आणि दूध म्हणजे सैतानाची पूजा आहे असे तो वेदीवरून सांगू लागतो. घाबरलेले गाव नैवेद्य बंद करते, राखणदार दुबळे होतात, आणि जंगलात बांधून ठेवलेली एक जुनी शक्ती भीतीवर पोसत जागी होऊ लागते.

वास्तविक कीव्हच्या व्लादिमीरने ९८८ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यापासून पुढची कित्येक शतके खेड्यापाड्यांत चर्च आणि दोमोवोय एकाच घरात सुखाने नांदत आले. लेखिकेला हे पक्के ठाऊक आहे. त्यामुळेच तिने धर्माला खलनायक केलेले नाही. कोन्स्तान्तिन उत्तम चित्रकार आहे, संतांच्या प्रतिमा रंगवताना तो खरोखर तल्लीन होतो, आणि आपल्याला ऐकू येणारा आवाज देवाचा आहे यावर त्याचा प्रामाणिक विश्वास असतो. वास्याविषयीची आसक्ती आणि तिचा तिरस्कार यांची त्याच्या मनातली सरमिसळ किशोरांसाठीच्या पुस्तकात सहसा न आढळणाऱ्या धीटपणाने रेखाटली आहे.

माझी खरी तक्रार सावत्र आई आन्ना हिच्याबाबत आहे. वास्याला जे दिसते तेच तिलाही दिसते. फरक इतकाच की ती त्यांना भुते समजते, आणि चर्चमध्ये ती दिसत नाहीत म्हणून तेथेच तिला शांतता लाभते. तिला जोगीण होऊन मठात राहायचे होते, पण बापाने तिचे लग्न लावून दिले. एकाच दृष्टीच्या दोन स्त्रिया एका छताखाली, एक हसणारी आणि एक किंचाळणारी: याहून समृद्ध सामग्री कोणती हवी? परंतु उत्तरार्धात लेखिका तिला परीकथेतल्या ठरावीक दुष्ट सावत्र आईच्या साच्यात कोंबते, ऐन हिवाळ्यात मुलीला हिमफुले आणायला जंगलात पाठवण्यापर्यंत. ‘मोरोझ्को’च्या मूळ कथेत सावत्र आईने थंडीत सोडलेली मुलगी गोठत असतानाही नम्रपणे उत्तरे देते आणि त्याबद्दल तिला बक्षीस मिळते. वास्याला त्या नम्रतेतून सोडवताना आर्डेन यांनी आन्नाला मात्र जुन्या कथेतच अडकवून ठेवले.

शेवटची लढाईही घाईत उरकली आहे. तीनशे पाने सावकाश पेटत आलेली चूल एका फुंकरीत विझवावी तसे होते. मृतांचे उठणे, अस्वलाचे रूप घेतलेली शक्ती, हिमराज आणि घोडा सोलोवेय असे सगळे एकाच वेळी धावून येते, आणि कोण कोठे उभे आहे हे समजण्यासाठी पाने उलटी चाळावी लागतात. शिवाय मोरोझ्को म्हणजे मरण आहे, याचा दरारा पूर्वार्धात जाणवतो. तो देखणा, उदास तरुण होऊन बोलू लागल्यावर हा दरारा बराचसा ओसरतो.

रशियन नावांचा गोंधळ सुरुवातीला होईलच, कारण एकाच माणसाला वडील एका नावाने, दाई दुसऱ्या आणि पाहुणे तिसऱ्याच नावाने हाक मारतात. शेवटी दिलेला शब्दार्थकोश आधी वाचून घेतल्यास पहिली पन्नास पाने सुकर होतात. पुढचे दोन भाग कथेला मॉस्कोत आणि अखेरीस मंगोलांविरुद्धच्या लढाईत, १३८०च्या कुलिकोवोच्या रणांगणापर्यंत नेतात. त्यांचा पट मोठा आहे, पण भट्टीमागचा तो पावाचा तुकडा त्यांत फारसा भेटत नाही.