काचबिंदूच्या ऑपरेशननंतर: यूबीएम, ओसीटी की साधी सोनोग्राफी?

काचबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आईला किंवा काकांना घेऊन येणारी मंडळी आमच्या तपासणीच्या खोलीत यूबीएमची, म्हणजे डोळ्याच्या एका खास सोनोग्राफीची, चिठ्ठी पुढे करतात, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: “ओसीटी मागच्याच महिन्यात झालं की! मग आता हे यूबीएम कशाला?”

ओसीटी म्हणजे प्रकाशानं डोळ्याच्या थरांचं चित्र काढणारी तपासणी, आणि मागच्या महिन्यातलं ते ओसीटी बहुतेक वेळा डोळ्याच्या नसेचं असतं. काचबिंदूनं नस किती झिजली एवढंच ते सांगतं. ऑपरेशन करून डोळ्यात तयार होणाऱ्या पाण्याला बाहेर पडायला जी नवी वाट काढून दिली ती वाहते आहे की तुंबली, हा प्रश्नच निराळा. ट्रॅबेक्युलेक्टोमी झाली असेल तर डोळ्याच्या पांढऱ्या भागात एक झडप कापलेली असते आणि झिरपलेलं पाणी वरच्या पापणीखाली फुगवटा धरतं. त्याला ब्लेब म्हणतात. ट्यूब बसवली असेल तर सिलिकॉनची बारीक नळी डोळ्यातलं पाणी डोळ्याच्या पांढऱ्या भागावर मागे बसवलेल्या चकतीपर्यंत नेते. अहमद व्हॉल्व्ह किंवा मदुराईच्या ऑरोलॅबचं इम्प्लांट ही त्यातली आपल्याकडची नेहमीची नावं.

ही वाट बघायला दोन यंत्रं आहेत. पुढच्या भागाचं ओसीटी प्रकाशावर चालतं, यूबीएम आवाजावर. यूबीएम म्हणजे सोनोग्राफीच, फक्त फार वरच्या पट्टीतली. पोटाच्या सोनोग्राफीत ३ ते ५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वापरतात, यूबीएममध्ये ३५ ते ५० च्या. पट्टी चढली की बारकावा वाढतो आणि खोली घटते, त्यामुळे यूबीएमला जेमतेम ४-५ मिलिमीटरच आतलं दिसतं. १९९० च्या सुमारास टोरांटोत पाव्हलिन आणि फॉस्टर यांनी हे तंत्र डोळ्यासाठी घडवलं.

आरामाचं म्हणाल तर ओसीटी सरस. खुर्चीत बसायचं, हनुवटी टेकवायची, डोळ्याला काही लागत नाही, दोन-चार मिनिटांत मोकळे. चित्रही जास्त रेखीव येतं. यूबीएमला आडवं झोपावं लागतं. बधिर करणारा थेंब घालून पापण्यांमध्ये प्लॅस्टिकची वाटी बसवतात, तीत सलाईन भरतात आणि वरून प्रोब, म्हणजे लहरी सोडणारी कांडी, फिरवतात. नवी यंत्रं वाटीऐवजी पाण्याची पिशवी लावतात, पण स्पर्श टळत नाही. ऑपरेशनची जखम ओली असताना किंवा ब्लेबमधून पाणी गळत असताना म्हणूनच यूबीएम टाळतात. पहिल्या काही दिवसांत ब्लेब बघायचा असेल तर मी ओसीटीलाच मत देईन.

पण प्रकाशाला एक भिंत आडवी येते. बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याच्या, म्हणजे आयरिसच्या, मागच्या बाजूला रंगद्रव्याचा दाट थर असतो. डोळे घारे असोत की काळेभोर, मागचा थर गडदच. ओसीटी तिथे आंधळं होतं. आवाज मात्र पार जातो, आणि ऑपरेशननंतरच्या कितीतरी भानगडी नेमक्या त्या पडद्यामागे घडतात.

डोळ्याचा दाब फार उतरलाय, ५-६ मिलिमीटर पाऱ्याच्या खाली गेलाय आणि बाहेर गळती तर दिसत नाही, असं समजा. पाणी तयार करणारी सिलिअरी बॉडी आपल्या जागेवरून सुटली आहे का, तिच्याखाली पाणी साचलंय का, हे यूबीएमच नीट दाखवतं. उलट दाब चढलाय आणि डोळ्याचा पुढचा कप्पा सपाट झालाय, तर सिलिअरी बॉडी पुढे कलंडली आहे का, ते बघावं लागतं. नळी आयरिसच्या मागून घातली असेल तर तिचं टोक कुठे आहे, त्यात काही अडकलंय का, हेही तिथेच कळतं. पुढच्या कप्प्यातली नळी असेल आणि ती पारपटलाला (कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेला) घासते का एवढंच बघायचं असेल, तर ओसीटी पुरतं.

ब्लेबच्या बाबतीत दोघांची बरोबरी म्हणतात. मला ती अर्धीच पटते. पातळ, पाण्यानं भरलेला ब्लेब ओसीटीत सुरेख दिसतो. व्रण धरून जाड झालेल्या ब्लेबखाली मात्र सावली पडते आणि झडपेपर्यंत नजर पोचत नाही. तिथे यूबीएम बरं. आणखी एक बारीक गोष्ट: झोपल्यावर भिंग किंचित मागे सरतं. त्यामुळे बसून काढलेलं ओसीटी आणि झोपून काढलेलं यूबीएम यांची कप्प्याच्या खोलीची मापं शेजारी ठेवून “सुधारलं” किंवा “बिघडलं” म्हणू नये.

तिसरी तपासणी साधी बी-स्कॅन, १० मेगाहर्ट्झची. ती डोळ्यांच्या बऱ्याच दवाखान्यांत असते आणि बंद पापणीवर जेल लावूनही हलक्या हातानं करता येते. तिला पुढचे बारकावे दिसत नाहीत, पण मागे कोरॉइड (डोळ्याच्या आतला रक्तवाहिन्यांचा थर) सुटून पाणी किंवा रक्त साचलं असेल तर ते ती दाखवते, आणि तेव्हा तेच महत्त्वाचं. ऑरोलॅबच्या इम्प्लांटला व्हॉल्व्ह नसतो, म्हणून नळी सुरुवातीला विरघळणाऱ्या दोऱ्यानं बांधून ठेवतात. साधारण पाच-सहा आठवड्यांनी दोरा सुटतो आणि कधीकधी दाब एकदम कोसळतो. तेव्हा दुखतंय, अंधुक दिसतंय अशी तक्रार असेल तर यूबीएमसाठी मोठ्या शहराची गाडी बघत बसू नका. आधी डॉक्टरांना गाठा, बी-स्कॅन गावातच होईल. चकतीभोवती पाण्याचं तळं धरलंय की नाही हेही त्यातच दिसतं.

यूबीएम लिहून दिलं असेल आणि जवळच्या सेंटरवर “ओसीटी करून घ्या, सारखंच आहे” म्हणाले, तर डॉक्टरांना एकच विचारा: शोधायचं ते पडद्याच्या पुढे आहे की मागे? मागे असेल तर प्रवास करा. सोबत ऑपरेशनचा कागद ठेवा: तारीख, कोणतं इम्प्लांट, नळी कुठून घातली. आणि चिठ्ठीवर काय बघायचं ते एका ओळीत लिहून घ्या. ती ओळ नसली की आम्ही घड्याळाच्या बाराही आकड्यांवर प्रोब फिरवत बसतो, आणि काका इकडेतिकडे बघून बघून दमतात.