ग्वाल्हेरचा उन्हाळा काढलेला कॉम्प्युटर – कोडिंग आणि गाण्यासाठी, नऊ महिन्यांनंतर

नवरात्रात हा कॉम्प्युटर जोडला, आता आषाढ लागलाय. मध्ये आमची हाडं गोठवणारी थंडी झाली, मे महिना झाला, आणि लाईट किती वेळा गेली ते मोजलेलं नाही. आता त्यावर लिहायला हरकत नाही.

दिवसा मी घरून प्रोग्रामिंगचं काम करते. उरलेल्या वेळात काकांचं गाणं रेकॉर्ड करते. काका ७४ वर्षांचे. इथल्याच माधव संगीत महाविद्यालयात शिकले आणि लष्कर भागातल्या आमच्या जुन्या घरात आयुष्यभर शिकवण्या केल्या. त्यांच्या बंदिशी वह्यांमध्ये उतरवलेल्या आहेत, पण ते बंदिश कशी भरतात ते वहीत सापडत नाही. ते राहायला हवं असेल तर आत्ताच रेकॉर्ड करायला हवं. त्यामुळे प्रत्येक पार्ट घेताना मी एवढंच बघत होते की मशीन त्याच खोलीत, माइकपासून दीड मीटरवर चालू असताना काकांचा खर्ज स्वच्छ येईल का.

प्रोसेसर रायझन ७ ७७०० घेतला. आठ कोर, ६५ वॅट, आणि कामापुरते ग्राफिक्स त्यातच आहेत. वेगळं ग्राफिक कार्ड मुद्दाम टाळलं, कारण कार्ड नाही म्हणजे त्याचे पंखेही नाहीत. आमचा मोठा प्रोजेक्ट जुन्या लॅपटॉपवर बिल्ड व्हायला (कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार व्हायला) ११ मिनिटं घ्यायचा, इथे साडेतीन लागतात. गाण्याच्या सॉफ्टवेअरची गोष्ट जरा वेगळी आहे. एका ट्रॅकवर लावलेले प्लगइन (आवाजावर काम करणारे छोटे प्रोग्राम) एकामागून एक चालतात आणि ती सगळी साखळी एका कोरवर येते. तेव्हा फक्त गाण्यासाठी घेणार असाल तर १६ कोरांवर पैसे घालू नका, एकेका कोरचा वेग बघा.

रॅम ३२ जीबी, १६ च्या दोन स्टिक. मदरबोर्डवर चार स्लॉट असले तरी दोनच भरा, कारण या प्लॅटफॉर्मवर चारही भरले की रॅमचा वेग खाली आणावा लागतो. आणि एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली नव्हती: पहिल्यांदा चालू केल्यावर कित्येक मिनिटं स्क्रीन काळीच राहते. डीडीआर५ रॅमचं ट्रेनिंग चालू असतं, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. त्या वेळी बटणाला हात लावू नका.

एसएसडी दोन, एक १ टीबी आणि एक २ टीबी. रेकॉर्डिंगला एवढी जागा लागत नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर एका माइकचं मिनिटाला साडेआठ-पावणेनऊ एमबी होतं, म्हणजे दोन माइकांवर तासभर गाणं झालं तरी जेमतेम १ जीबी. मोठी एसएसडी भरते ती वाद्यांच्या सॅम्पल लायब्रऱ्यांनी (आधीच रेकॉर्ड केलेल्या सुरांच्या संग्रहांनी).

इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) स्कारलेट २आय२, माइक रोड एनटी१-ए. या माइकचा स्वतःचा आवाज फक्त ५ डेसिबल आहे, त्यामुळे खोलीत जे काही आहे ते सगळं तो पकडतो. पहिल्याच दिवशी त्याने आमच्या घराचं वायरिंग पकडलं.

रेकॉर्डिंग ऐकताना काकांनी हेडफोन काढले आणि म्हणाले, "अगं, हा पंचम कोण हलवतंय?" मला काहीच कळेना. मग मीही ऐकलं. तानपुऱ्याच्या पहिल्या, पंचमात लावलेल्या तारेखाली बारीक लाट येत होती, सेकंदाला साधारण दोनदा. काका पांढरी एकमध्ये (हार्मोनियमच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीत) गातात, म्हणजे मंद्र पंचम ९८ हर्ट्झच्या आसपास. आपल्या विजेची गुणगुण ५० हर्ट्झची आणि तिच्या दुपटीला, १०० ला. ९८ आणि १०० एकत्र वाजले की सेकंदाला दोन ठोके पडणारच. कॅबिनेटला हात लावला की बोटांना झिणझिण्या येत होत्या, त्याचंही कारण तेच होतं. घराला अर्थिंग नावापुरतंच होतं. वायरमनने मागच्या अंगणात खड्डा खणून, प्लेट पुरून, कोळसा आणि मीठ घालून नवं अर्थिंग केलं. स्पीकरच्या केबलही बॅलन्स्ड (बाहेरची गुणगुण न पकडणाऱ्या) घेतल्या. त्यानंतर पंचम स्थिर झाला. सगळ्या खर्चात सर्वात मोलाचा पैसा मी यालाच म्हणेन, आणि कुठल्याही पार्टच्या यादीत हा नसतो.

दुसरा धडा फार महागात पडला. यूपीएस घेताना दुकानदार म्हणाला होता की सगळे सारखेच असतात. जानेवारीतली एक संध्याकाळ होती. भूप, तिलवाड्यातला बडा ख्याल, २७ वं मिनिट. काका बोल-तानांवर (बंदिशीचे शब्द घेऊन केलेल्या तानांवर) आले होते, आवाज लागलेला होता, असा महिन्यात एखाद्या वेळी लागतो. लाईट गेली, यूपीएस एकदा ओरडला आणि मशीन बंद. माझ्या एसएमपीएसमध्ये (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये) अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज नीट खेचणारं सर्किट) आहे आणि तो यूपीएस घरच्या विजेसारखी गोलसर लहर न देता चौकोनी वेव्ह देणारा निघाला. अशा जोडीचं नेहमीच बिनसतं असं नाही, आमच्याकडे बिनसलं. रीपर हे माझं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रेकॉर्डिंग चालू असतानाच डिस्कवर लिहीत जातो, त्यामुळे तेवढी फाइल वाचली. काकांनी तानपुरा गवसणीत घातला. "आता ते परत नाही व्हायचं गं," एवढंच म्हणाले. दुसऱ्याच आठवड्यात प्युअर साइन वेव्ह (गोलसर लहर देणारा) यूपीएस आणला. तुम्ही पहिल्याच दिवशी तो घ्या, हवं तर रॅम नंतर वाढवा.

मधून मधून 'टक् टक्' यायचं, ते वाय-फायच्या ड्रायव्हरमुळे होतं. लेटन्सीमॉन (असा अडथळा कशामुळे येतो ते दाखवणारा प्रोग्राम) चालवलं की लगेच दिसतं. रेकॉर्डिंगच्या वेळी वाय-फाय बंद ठेवून लॅनची वायर लावते, त्रास संपला. की-बोर्डवर स्वतः वाजवताना बफर (आवाजाचे किती नमुने जमवून पुढे पाठवायचे तो आकडा) १२८ ठेवते, म्हणजे एका बाजूने पावणेतीन मिलिसेकंदांच्या आत. बोटाला उशीर जाणवत नाही. काकांचा याच्याशी काही संबंध नाही, ते हेडफोन न लावताच गातात.

मग मे आला. बाहेर ४५, दुपारी आमच्या माडीवर ३८. प्रोसेसरवरचा साधा कूलर त्याला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. बिल्ड लावलं की प्रोसेसर ९० च्या पुढे जायचा (याची मर्यादा ९५ आहे) आणि पंखा घोंघावायचा. बायोसमध्ये इको मोड (प्रोसेसरला कमी वीज घेऊ देणारी सेटिंग) लावला. साडेतीन मिनिटांचं बिल्ड चार मिनिटांवर गेलं, पण तापमान उतरलं आणि पंखा शांत झाला. आता पावसाळ्यातही तो तसाच ठेवलाय. कॅबिनेट जाळीचं घ्या, पण फिल्टर काढून धुता येतील असंच घ्या. लू (उन्हाळ्यातले गरम वारे) चालू असताना मी दर पंधरा दिवसांनी धूत होते आणि दर वेळी पाणी मातकट निघायचं. उन्हाळाभर रेकॉर्डिंग पहाटे पाचला केलं, कारण छताचा पंखा बंद करूनही गाता येईल अशी वेळ तेवढीच उरते.

इंटरफेस आणि यूपीएस धरून खर्च लाखाच्या थोडा पुढे गेला, माइक आधीपासून होता. बदलायचंच झालं तर जास्त यूएसबी पोर्टचा बोर्ड घेईन. मागचे सगळे भरलेत.

गेल्या आठवड्यात काका मियाँ मल्हार गात असताना पुन्हा लाईट गेली. मशीन चालूच राहिलं, काकाही थांबले नाहीत. फक्त यूपीएसचा आतला 'टक्' आवाज माइकमध्ये आला. परवा भिंतीला भोक पाडून यूपीएस पलीकडे जिन्याखाली ठेवलाय आणि त्याचा बीपही बंद केलाय.