मीटरचा बझर वाजला आणि माझे 13,950 रुपये गेले

आठ वर्षं छोटा हत्ती चालवतोय. गाडी माझीच आहे, हप्ते फिटलेत. तेव्हा गाडीतलं काही कळत नाही म्हणून फसला, असं कृपा करून कुणी म्हणू नका. फ्यूज, बल्ब मीच बदलतो, रिव्हर्स हॉर्नही मीच जोडलाय. तरी फसलो. दोन महिने घरच्यांशीही यावर धड बोललो नाही, इतकी लाज वाटली.

फेब्रुवारीत कोरेगावहून आल्याची पोती भरून पुण्याला मार्केट यार्डात निघालो होतो. ब्रेक दाबला की मागचा उजवा इंडिकेटर मंद पेटायचा आणि त्याच बाजूचा टेललाइट विझायचा. रात्रीचे नऊ वाजलेले, पुढे खंबाटकीचा बोगदा. मागचे दिवे असे असताना माल घेऊन आत शिरणार कोण? हायवेलगत एक गॅरेज उघडं दिसलं, गाडी तिथे वळवली.

मिस्त्री तिशीचा, बोलायला गोड. वायरिंग तपासायचा पिवळा मल्टिमीटर काढला. मागच्या दिव्यांचा 15 अँपिअरचा निळा फ्यूज उपसून माझ्या हातात दिला. मीटर बझरवर लावला (दोन पिनांमध्ये करंटला सहज वाट असेल तर तो वाजतो), एक पिन फ्यूजच्या खाचेत, दुसरी चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला. लांब बीप वाजला. "ऐका मालक, वायर बॉडीला टेकलीय. आख्खा वायरिंग सेट आतून वितळलाय. आत्ता नाही बदलला तर मालासकट गाडी पेटेल."

आता हे नीट वाचा. तो फ्यूज माझ्या हातात होता. मी मोबाईलच्या उजेडात धरून बघितला, आतली पट्टी अखंड. दिव्यांची वायर खरंच बॉडीला टेकली असती तर स्विच टाकताक्षणी फ्यूज उडाला असता. हे मला माहीत होतं. माहीत असून बोललो नाही, कारण कानात तो बीप आणि डोक्यात "पेटेल" हा एकच शब्द. तो क्षण आठवला की अजून जीव जळतो.

बझर वाजला तो बल्बमुळे. त्याने एकही बल्ब काढलेला नव्हता. 21 वॅटच्या थंड बल्बचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, एक ओहमही भरत नाही आणि बहुतेक मीटरचा बझर तीस-पन्नास ओहमच्या खाली वाजतोच. तुमच्या ठणठणीत गाडीवरही तो तसाच वाजेल. कुणी बझर ऐकवून शॉर्ट आहे म्हणालं तर आधी त्या लाइनचे सगळे बल्ब काढायला लावा. तरी वाजला तर पुढचं बोला.

वायरिंग सेट 8,400, रिले आणि फ्यूजबॉक्स 1,850, मजुरी 3,200, चेकिंग 500. एकूण 13,950. दहा हजार क्यूआर कोडवर, बाकी रोख. क्यूआरवर नाव भलत्याच माणसाचं आलं, तेही मी पाहिलं. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, 18 टक्के वर लागतील. जुना सेट मागितला तर म्हणाला, भंगारात टाकला. मला शेजारच्या टपरीवर चहाला पाठवून काम दीड तासात उरकलं. दीड तासात आख्खा सेट बदलून होतो का? होत नाही. पण सकाळी माल पोचवायचा होता. तरी बाजाराला उशीर झालाच, दरात 2,100 चा फटका बसला तो वेगळा.

नऊ दिवसांनी तीच खोड. मामांच्या ओळखीचे एक म्हातारे मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी दिवे चालू ठेवायला सांगितलं, मीटर 20 व्होल्ट डीसीवर लावला, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल पिन टेललाइटच्या अर्थच्या, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या, वायरला. 3.6 व्होल्ट. चांगल्या अर्थला तिथे पॉइंट दोनच्या वर काही दिसता कामा नये. फाळक्याखालचा अर्थचा बोल्ट गंजून हिरवा पडला होता. करंटला घरी जायला वाट नाही, म्हणून तो इंडिकेटरच्या बल्बातून वाट काढत होता. पॉलिश पेपर मारला, नवा बोल्ट, ग्रीस. ऐंशी रुपये.

मग त्यांनी "नव्या" सेटची टेप सोलली. चकचकीत काळ्या टेपखाली जुनी मातकट टेप, आणि तिच्याखाली माझी हिरवी वायर. रिव्हर्स हॉर्नसाठी मी स्वतः पीळ देऊन जोडलेली. सेट बदललाच नव्हता, वरून टेप गुंडाळली होती.

चौकीत गेलो. पैसे तुम्ही स्वखुशीने दिले, प्रकरण दिवाणी आहे म्हणे. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचंच आहे ना? मग न बदललेल्या सेटचे पैसे घेणं याला दुसरं काय म्हणायचं? अर्जाची पोचसुद्धा तिसऱ्या खेपेला मिळाली. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तर "समोरून उत्तर आलं नाही" म्हणून त्यांनी ती बंद केली! उत्तर येत नाही म्हणूनच माणूस तुमच्याकडे येतो ना? आणखी एका कार्यालयात सांगितलं, गॅरेजची नोंद आमच्याकडे नसते. एक कारकून तर म्हणाला, पिवळ्या पाटीची गाडी म्हणजे धंदा, तुम्ही ग्राहकच नाही. साफ खोटं. पोटापाण्यासाठी स्वतः राबणाऱ्याला 2019 च्या ग्राहक कायद्याने बाहेर टाकलेलं नाही. या हेलपाट्यांत चार दिवसांची भाडी बुडाली, ती कोण भरून देणार?

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. पाच लाखांपर्यंत तिथे फी लागत नाही, हेही मला कुणी सांगितलं नाही, स्वतः शोधावं लागलं. जुना पार्ट हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका. काम चालू असताना चहाला जाऊ नका. फोटो काढा, मिस्त्रीला राग आला तरी काढा.

पुढच्या महिन्यात तारीख आहे. सोललेली टेप, हिरव्या वायरचा जोड आणि तो निळा फ्यूज एका पिशवीत घालून ठेवलाय. फ्यूज त्या रात्रीपासून माझ्या खिशातच राहिला होता.